सहा टक्के आले कुठून? एका नेटवर्क सिम्युलेशन प्रयोगाची उलटतपासणी

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक आलेख होता. दोन स्तंभ: डावा न्यूरेनोचा (टीसीपीने डेटा पाठवण्याची गती आवरणारी एक रूढ पद्धत), उजवा ‘प्रस्तावित पद्धती’चा, आणि उजवा सहा टक्क्यांनी उंच. खाली एकच वाक्य: ‘प्रस्तावित पद्धतीमुळे थ्रूपुटमध्ये सहा टक्के वाढ होते.’ थ्रूपुट म्हणजे दर सेकंदाला पोचणारा डेटा. परीक्षकाने स्क्रिप्ट मागवून घेतली, रन क्रमांक १ चा २ केला आणि पुन्हा चालवली. आता न्यूरेनो चार टक्क्यांनी पुढे होता.

हे प्रकरण कोणा एकाचे नाही. नेटवर्क सिम्युलेशनच्या कामांत जे दोष पुन्हा पुन्हा दिसतात, ते इथे एकाच प्रयोगात गुंफले आहेत. त्यामुळे प्रयोगाचे निकाल म्हणून येणारे आकडे समजावण्यापुरते आहेत. सिम्युलेटरची मूळ सेटिंग्ज आणि त्यांवरची आकडेमोड मात्र खरी आहे. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन ती जरूर पडताळावी.

असे प्रबंध अपवादाने सापडतात असेही नाही. पावलिकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दूरसंचार नेटवर्कांवरच्या दोन हजारांहून अधिक शोधनिबंधांची पाहणी प्रसिद्ध केली. सिम्युलेशन वापरणाऱ्या निबंधांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निबंधांनी निकालांतल्या यादृच्छिकतेची दखलच घेतली नव्हती. कुरकोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००५ मध्ये मोबाइल नेटवर्कांवरच्या मोबीहॉक परिषदेतले २००० पासूनचे निबंध चाळले. दिलेल्या माहितीवरून पुन्हा करून पाहता येतील असे निबंध १५ टक्केही निघाले नाहीत. त्या परिषदेत निबंध स्वीकारला जाणे हीच मोठी गोष्ट मानली जाते, हे लक्षात घेतले तर आपल्या विद्यार्थिनीवर एकटीवर रागावण्यात अर्थ नाही.

प्रयोगाची मांडणी

सिम्युलेटर, म्हणजे संगणकातच नेटवर्क उभे करून चालवणारी प्रणाली, एनएस-३. टोपोलॉजी, म्हणजे जोडणीचा आराखडा, नेहमीची डंबेल: डावीकडे चार प्रेषक, उजवीकडे चार ग्राहक, मध्ये ५० एमबीपीएसची एकच लिंक. जाऊन-येऊन लागणारा वेळ, म्हणजे आरटीटी, १०० मिलिसेकंद. मधल्या लिंकच्या तोंडाशी १००० पॅकेटची साधी फायफो (आधी आलेले आधी बाहेर) रांग. चारही प्रवाह न संपणारी फाइल पाठवतात. प्रत्येक प्रवाह ० ते ५ सेकंदांच्या दरम्यान यादृच्छिक क्षणी सुरू होतो आणि सिम्युलेशन २० व्या सेकंदाला थांबते.

प्रस्तावित पद्धत साधी होती. पॅकेट हरवले की न्यूरेनो आपली विंडो, म्हणजे पोच येण्याआधी पाठवून ठेवता येणारा डेटा, निम्मी करतो. विद्यार्थिनीचा बदल असा, की विंडो निम्म्याऐवजी ०.७ च्या आसपास आणायची आणि चार प्रवाह एकाच तालात घसरू नयेत म्हणून हा गुणक दर वेळी ०.६५ ते ०.७५ मधून यादृच्छिक निवडायचा. कल्पना वेडगळ नाही. क्यूबिक हा टीसीपीचा दुसरा प्रकारही ०.७ हाच गुणक वापरतो.

‘सर, दहादा चालवलंय’

पहिल्या बैठकीत तिने सांगितले की प्रयोग दहा वेळा चालवला आणि दहाही वेळा सहाच टक्के आले, दशांश चिन्हापुढचे अंकही तेच. निकाल पक्का असल्याचा हा पुरावा म्हणून ती सांगत होती. खरे तर तिच्या प्रयोगातल्या गडबडीची पहिली खूण हीच होती.

एनएस-३ मध्ये यादृच्छिक अंक एमआरजी३२के३ए या जनित्रातून येतात. बीज (जनित्राला सुरुवातीला दिलेला आकडा) आणि रन क्रमांक हे दोन आकडे दिले की पुढची सगळी अंकमाळ ठरते. काहीच दिले नाही तर दोन्ही १ असतात, दर वेळी. म्हणजे तीच स्क्रिप्ट दहादा चालवली की तीच फित दहादा वाजते. एकच नमुना घेऊन त्याच्या दहा झेरॉक्स काढल्या, एवढेच झाले.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे बीज घड्याळातून घेणे. दर वेळी वेगळा निकाल येतो आणि मनाला बरे वाटते, पण नंतर विचित्र निकाल आला की तो पुन्हा घडवता येत नाही. मग दोष शोधायचा कशात? एनएस-३ च्या दस्तऐवजातला सल्ला याहून शहाणपणाचा आहे: बीज एकच ठेवा, रन क्रमांक १, २, ३ असा बदलत न्या. जनित्राची रचनाच अशी आहे की प्रत्येक रनला स्वतंत्र उपप्रवाह मिळतो, आणि एका उपप्रवाहाची लांबी ७.६ गुणिले १० चा २२ वा घात इतकी असल्याने एका रनचे अंक दुसऱ्यात शिरण्याची भीती नसते.

रन क्रमांक बदलून वीस वेळा चालवल्यावर फरक कधी अधिक आठ, कधी उणे पाच, कधी शून्याजवळ असा हेलकावे खाऊ लागला. बहुतेक जण इथे ‘सुधारणा सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध होत नाही’ असे लिहून मोकळे होतात. मार्गदर्शकांनी तिला तसे करू दिले नाही, आणि मला वाटते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: तुझी ओळ चालते तरी का?

मोजणी शून्य

विंडो ०.७ करणाऱ्या फंक्शनमध्ये एक काउंटर टाकला. २० सेकंदांचे सिम्युलेशन संपले. काउंटर: शून्य. दुसरा रन, शून्य. विसाव्या रनपर्यंत शून्य. रांगेतून गळलेली पॅकेटे मोजली, तीही शून्य.

ज्या बदलावर प्रबंध उभा होता तो कोड एकदाही चालला नव्हता. कारण एनएस-३ मधल्या टीसीपी सॉकेटच्या (प्रवाहाच्या टोकाच्या जोडणीच्या) न बदललेल्या सेटिंगमध्ये दडले होते. पाठवायचा बफर १,३१,०७२ बाइट, घ्यायचा बफरही तेवढाच. पोच न मिळालेला डेटा यापेक्षा जास्त असूच शकत नाही. १,३१,०७२ बाइट म्हणजे १०,४८,५७६ बिट. एका आरटीटीत, म्हणजे ०.१ सेकंदात, एवढेच बिट जाऊ शकतात. प्रवाहाची कमाल गती १०.४९ एमबीपीएस. चार प्रवाहांची मिळून ४१.९. मूळ सेगमेंट, म्हणजे एका पॅकेटमधला डेटा, ५३६ बाइटचा असतो, त्यावर टीसीपी, आयपी आणि लिंकचे हेडर धरून तारेवर ५९० बाइट जातात, तेव्हा तारेवरचा भार ४६.२ एमबीपीएस. लिंक ५० ची. म्हणजे लिंकवर दाटी होण्याचा प्रश्नच नव्हता.

सुरुवातीच्या क्षणिक उसळीत तरी रांग भरली असेल? तेही अशक्य. चार बफरांतले सगळे सेगमेंट मिळून ९७८ होतात आणि रांग १००० ची आहे. नेटवर्कमधले प्रत्येक पॅकेट एकाच वेळी त्या रांगेत येऊन उभे राहिले तरी ती भरणार नाही.

ही बेरीज-भागाकाराची कामे आहेत, सिम्युलेशन न चालवता दहा मिनिटांत होतात. लिंकची गती गुणिले आरटीटी काढली असती तर ६,२५,००० बाइट आले असते, आणि चार बफरांची बेरीज ५,२४,२८८. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान आहे एवढे दिसताच हा कंजेशन कंट्रोलचा, म्हणजे दाटी आवरण्याचा, प्रयोग नाही हे कळले असते. पण स्क्रिप्टमध्ये जे लिहिलेले असते त्याकडे आपण पाहतो, आणि जे लिहिलेले नसते त्याला सेटिंग समजतच नाही. सॉकेट बफर तिच्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हता, म्हणून प्रबंधातल्या मापदंडांच्या तक्त्यातही नव्हता.

मग फरक आला कशाने?

कोड चालला नाही, तरी दोन स्तंभांत सहा टक्के अंतर होते. दोन्ही बाजूंना शब्दशः तेच टीसीपी धावत असेल तर निकाल तंतोतंत सारखे यायला हवे होते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, कारण हा दोष सांख्यिकीचे पुस्तक उघडून सापडत नाही.

एनएस-३ मध्ये यादृच्छिक चल तयार केला की त्याला अंकमाळेचा एक प्रवाह आपोआप मिळतो: पहिल्या चलाला पहिला, दुसऱ्याला दुसरा, निर्मितीच्या क्रमाने. प्रस्तावित पद्धतीच्या स्क्रिप्टमध्ये तो ०.६५ ते ०.७५ चा गुणक देणारा चल अगदी वर तयार केला होता. न्यूरेनोच्या स्क्रिप्टमध्ये तो नव्हता. त्यामुळे प्रस्तावित बाजूला सुरुवातीचे क्षण ठरवणारा चल एक घर पुढे सरकला आणि त्याला वेगळी अंकमाळ मिळाली. रन क्रमांक दोन्हीकडे १ च होता. प्रवाह सुरू होण्याच्या वेळा मात्र दोन्हीकडे वेगळ्या.

आता थ्रूपुट कसे काढले होते ते पाहा: एकूण बाइट भागिले २० सेकंद. उशिरा सुरू झालेला प्रवाह कमी बाइट पाठवणार, आणि छेद तोच. ० ते ५ मधून निवडलेल्या एका वेळेचे प्रमाण विचलन १.४४ सेकंद. चारांच्या सरासरीचे त्याच्या निम्मे, ०.७२. दोन स्वतंत्र चौकड्यांमधल्या फरकाचे १.०२ सेकंद. प्रवाह सरासरी १७.५ सेकंद चालतो. १.०२ भागिले १७.५ म्हणजे ५.८ टक्के.

म्हणजे सहा टक्के हा फरक सुरुवातीच्या वेळांच्या सोडतीतून सहज येणारा, जेमतेम एका प्रमाण विचलनाएवढा होता. अल्गोरिदमचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

आणि एक गोष्ट. या दोषासह कोणी हजार रन घेतले असते तर सरासरी फरक शून्याकडे गेला असता आणि निष्कर्ष निघाला असता की ‘०.७ चा गुणक निरुपयोगी आहे’. तोही तितकाच खोटा. जास्त रन घेतल्याने यादृच्छिक चूक कमी होते. जी परीक्षा घेतलीच नाही तिचा निकाल त्यातून येत नाही.

पुन्हा बांधणी

पहिले काम, सगळ्या मूळ सेटिंग्ज उजेडात आणणे. एनएस-३ मधले कॉन्फिगस्टोअर सगळ्या गुणधर्मांच्या किमती फाइलमध्ये उतरवून देते. शेकडो ओळींची ती फाइल कंटाळवाणी असते, पण एकदा वाचावी. तिच्यातून बफर ४ एमबी केले, सेगमेंट १४४८ बाइटचा केला. रांग पॅकेटऐवजी बाइटमध्ये मोजायला लावली, कारण सेगमेंट बदलला की ‘१००० पॅकेट’ या शब्दांचा अर्थच बदलतो: पूर्वी ५.९ लाख बाइट, आता १५ लाख. शिवाय एनएस-३ मध्ये नेटवर्क डिव्हाइसची एक रांग असते आणि तिच्यावर ट्रॅफिक कंट्रोल थराची दुसरी. एकीची लांबी बदलून दुसरी तशीच सोडली तर आपण कोणत्या रांगेवर प्रयोग करतोय ते आपल्यालाच कळत नाही.

मग प्रत्येक यादृच्छिक चलाला हाताने अंकमाळेचा ठरावीक प्रवाह क्रमांक बांधून दिला. सुरुवातीच्या वेळांना एक, गुणकाला दुसरा. आता पद्धत कोणतीही असो, तिसऱ्या रनमध्ये तिसऱ्या रनच्याच वेळा येणार. याचा दुहेरी फायदा: सरकण्याचा दोष गेला, आणि दोन्ही पद्धती एकाच परिस्थितीत तोलता येऊ लागल्या. त्याबद्दल पुढे.

चारही प्रवाहांचा आरटीटी नेमका सारखा ठेवणेही धोक्याचे असते. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९२ मध्येच दाखवले होते की काटेकोर ठराविक गतीच्या सिम्युलेशनमध्ये पॅकेटांच्या येण्याची वेळ आणि रांगेत जागा होण्याची वेळ यांची सांगड बसते आणि एखाद्याच प्रवाहाची पॅकेटे सतत गळतात. खऱ्या यंत्रांत थोडीफार अनियमितता असतेच, सिम्युलेटरमध्ये ती मुद्दाम घालावी लागते. इथे एका पॅकेटला ५० एमबीपीएसच्या लिंकवर ०.२४ मिलिसेकंद लागतो. प्रेषकाकडे शून्य ते तेवढाच यादृच्छिक विलंब घातला आणि चार आरटीटी थोडे थोडे वेगळे केले.

वेळ किती द्यायचा याचे उत्तरही आकडेमोडीतूनच आले. एका लिंक-आरटीटी गुणाकाराएवढी, म्हणजे ६,२५,००० बाइटची रांग धरली तर गळती होते तेव्हा चारही विंडोंची बेरीज १२.५ लाख बाइट असते. प्रत्येकी साधारण २१६ सेगमेंट. निम्मे झाले की १०८ सेगमेंट पुन्हा कमवायचे, दर आरटीटीला एक, आणि रांगेमुळे आरटीटी १०० ते २०० मिलिसेकंदांमध्ये हलतो. विंडो अशी हळूहळू चढते आणि एकदम घसरते, आलेखात करवतीसारखी दिसते. करवतीचा एक दात पुरा व्हायला सुमारे १६ सेकंद लागतात. जुन्या ५३६ बाइटच्या सेगमेंटवर हाच दात ४० सेकंदांपलीकडे गेला असता. २० सेकंदांच्या प्रयोगात मग काय दिसणार? नवी मुदत ६०० सेकंद ठरली.

त्यातले पहिले ६० सेकंद फेकून दिले. सुरुवातीच्या स्लो स्टार्टची (विंडो झपाट्याने वाढवण्याच्या टप्प्याची) उसळी आणि पडझड ही स्थिर वागणूक नव्हे. किती फेकायचे ते अंदाजाने ठरवले नाही: अनेक रनची सरासरी काळाच्या अक्षावर मांडून, तिच्यावर सरकती सरासरी फिरवून, रेषा कुठे सपाट होते ते पाहिले. वेल्चची पद्धत म्हणतात ती हीच. मोबाइल नेटवर्कवाल्यांना तर हा मुद्दा फार महागात पडलेला आहे. रँडम वेपॉइंट प्रतिमानात (नोड, म्हणजे फिरती उपकरणे, यादृच्छिक ठिकाण आणि वेग निवडून जात राहतात) वेग १ ते १९ मीटर प्रति सेकंद ठेवला तर सरासरी १० असेल असे वाटते. प्रत्यक्षात हळू चालणारे नोड वाटेतच जास्त वेळ काढतात, म्हणून स्थिरावलेली सरासरी ६.१ येते. किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी कधी स्थिरावतच नाही, घसरत राहते. सुरुवातीचे काही सेकंद पाहून काढलेला निष्कर्ष अशा वेळी वेगळ्याच नेटवर्कबद्दल असतो.

यंत्रावर भरवसा ठेवण्याआधी

टीसीपीला हात लावण्याआधी रांग तपासली. ज्याचे उत्तर कागदावर माहीत आहे असा प्रयोग: ठराविक आकाराची पॅकेटे, येण्यातले अंतर घातीय वितरणाचे, भार ०.८. रांगशास्त्राप्रमाणे अशा रांगेत सरासरी प्रतीक्षा बरोबर दोन सेवाकाळांची (सेवाकाळ म्हणजे एका पॅकेटला लिंकवर लागणारा वेळ) असते, म्हणजे इथे ०.४८ मिलिसेकंद. सिम्युलेटरने तेच दाखवले तर रांग, लिंकची गती आणि आपले मोजमाप तिन्ही जागेवर आहेत. भार ०.९ केला की उत्तर साडेचार सेवाकाळ यायला हवे. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि ती न करता थेट तुलनेवर उडी मारणारे पाहिले की मला आश्चर्य वाटते. कॅव्हिन, सॅसन आणि शिपर यांनी २००२ मध्ये एकच साधा फ्लडिंग (मिळालेला संदेश सगळ्या शेजाऱ्यांना पुढे पाठवणारा) अल्गोरिदम तीन नामांकित सिम्युलेटरांवर चालवला तेव्हा निकाल एकमेकांशी जुळले नव्हते. सिम्युलेटर प्रसिद्ध आहे म्हणून तो आपल्या प्रश्नासाठी बरोबर आहे असे होत नाही.

मोजमापातही एक खाच होती. तिने फ्लो मॉनिटर या एनएस-३ च्या मोजणी साधनातल्या मिळालेल्या बाइटांना थ्रूपुट म्हटले होते. फ्लो मॉनिटर आयपी थरावर मोजतो: हेडर मोजतो, दुसऱ्यांदा पाठवलेली पॅकेटेही मोजतो. दाटी नव्हती तोवर फरक पडला नाही. गळती सुरू झाल्यावर मात्र जी पद्धत जास्त पॅकेटे वाया घालवते तिलाच बक्षीस मिळू लागते. म्हणून ग्राहकाच्या ॲप्लिकेशनला खरोखर मिळालेले बाइट मोजायचे ठरले. त्याची कमाल मर्यादाही आधीच काढून ठेवली: १५०२ बाइटच्या फ्रेममध्ये १४४८ बाइट कामाचे, म्हणजे ५० पैकी ४८.२ एमबीपीएस. यापेक्षा मोठा आकडा दिसला तर आनंद मानायचा नाही, कोड उघडायचा.

आता तुलना

पहिल्याच फेरीत एक शहाणपण सुचले. रांग पूर्ण ६,२५,००० बाइटची असेल तर न्यूरेनोची विंडो निम्मी झाल्यावरही लिंक भरलेलीच राहते. दोन्ही पद्धती ४८.२ च्या जवळ पोचणार, सुधारायला जागाच नाही. फरक दिसायचा तर रांग लहान हवी. रांग निम्मी, ३,१२,५०० बाइटची केली तर आणि चारही प्रवाह एकाच वेळी घसरले तर कागदावरच्या हिशेबाने न्यूरेनो लिंकचा ३.६ टक्के वेळ वाया घालवतो, म्हणजे सुमारे १.७ एमबीपीएस, ०.७ गुणकाचा प्रवाह काहीच वाया घालवत नाही. प्रवाह एकाच वेळी घसरले नाहीत तर नुकसान याहून कमी. म्हणून अपेक्षित फायदा शून्य आणि १.७ यांच्या मध्ये कुठेतरी. हा अंदाज प्रयोगाआधी वहीत लिहिला, तारखेसह. तो नंतर लिहिला असता तर त्याला काही किंमत नव्हती.

मग दहा रन, दोन्ही पद्धती प्रत्येक रनमध्ये त्याच सुरुवातीच्या वेळांसह. प्रत्येक रनसाठी प्रस्तावित वजा न्यूरेनो, एमबीपीएसमध्ये:

०.९, ०.४, १.१, ०.२, ०.७, −०.१, ०.८, ०.५, ०.६, ०.४

सरासरी ०.५५. प्रमाण विचलन ०.३५. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागून ०.११. दहा निरीक्षणांसाठी ९५ टक्क्यांचा टी-गुणक २.२६, म्हणून फरक ०.५५ अधिक-उणे ०.२५, म्हणजे ०.३० ते ०.८० दरम्यान. हाच विश्वासपट्टा. शून्य या पट्ट्यात नाही. आणि पट्टा आधी लिहिलेल्या अंदाजाच्या आतच आहे.

जोडीने तुलना केल्याचा लाभ इथे दिसतो. एखाद्या रनमध्ये सुरुवातीच्या वेळा प्रतिकूल असतील तर दोन्ही पद्धतींना त्रास होतो आणि वजाबाकीत तो त्रास निघून जातो. दोन्हीकडे वेगवेगळे रन घेतले असते तर हाच फरक दाखवायला कितीतरी जास्त रन लागले असते. पट्टा आणखी निम्मा करायचा असेल तर रन चौपट, म्हणजे चाळीस घ्यावे लागतील. तिने घेतले नाहीत, आणि गरजही नव्हती.

तिच्या सहकाऱ्याने मध्येच एक सूचना केली होती: रन कशाला वाढवता, एका रनमध्ये लाखो पॅकेटे आहेत, प्रत्येकाचा विलंब एक निरीक्षण धरा. हा मोह बऱ्याच जणांना होतो. पण एकामागून एक रांगेत उभी असलेली पॅकेटे एकमेकांच्या विलंबावर अवलंबून असतात. भरलेल्या रांगेतली हजार पॅकेटे रांगेबद्दल जवळपास एकच गोष्ट हजारदा सांगतात. त्यांना स्वतंत्र मानले की विश्वासपट्टा केसाएवढा बारीक होतो आणि तो खोटा असतो. एकाच लांब रनवर भागवायचे असेल तर तो मोठमोठ्या गटांत कापून गटांच्या सरासऱ्या घ्याव्यात, गट करवतीच्या अनेक दातांएवढे लांब. इथे स्वतंत्र रन परवडत होते, तेच बरे.

नोंदींबद्दल थोडक्यात: प्रत्येक निकालफाइलच्या डोक्यावर सिम्युलेटरची आवृत्ती, बिल्डचा प्रकार, स्क्रिप्टचा गिट कमिट, पूर्ण कमांड, रन क्रमांक आणि काउंटरची किंमत आपोआप छापली जाते. ०.७ च्या ओळीचा काउंटर शून्य आला तर स्क्रिप्ट निकाल न लिहिता त्रुटी देऊन थांबते. आलेख काढणारी स्क्रिप्ट कच्च्या फाइलींवरूनच चालते, मधे कोणी हाताने आकडे चिकटवत नाही.

प्रबंधात अखेर काय गेले

सहा टक्क्यांच्या जागी सव्वा टक्क्याच्या आसपासची वाढ, तीही फक्त लहान रांगेत आणि विश्वासपट्ट्यासह. चौथे प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि आधीपेक्षा लांब झाले.

त्यात दोन नको असलेले निकालही आले. पहिला: चारांपैकी दोन प्रवाह न्यूरेनोचे आणि दोन प्रस्तावित पद्धतीचे ठेवले की न्यूरेनोचा वाटा कमी होतो. हे होणारच होते. घसरण ०.७ वर आणली तर वाढही दर आरटीटीला एक सेगमेंटऐवजी सुमारे ०.५३ ठेवावी लागते, तरच न्यूरेनोशी बरोबरीचा वाटा राहतो. तिने वाढीला हात लावला नव्हता. म्हणजे लहान रांगेतल्या लाभाचा काही भाग नुसत्या आक्रमकपणाचा आहे, हे तिने स्वतः लिहिले.

दुसरा निकाल विलंबाचा. पूर्ण, ६,२५,००० बाइटच्या रांगेत दोन्ही पद्धतींच्या गुडपुटमधल्या (ॲप्लिकेशनला खरोखर मिळालेल्या डेटाच्या गतीतल्या) फरकाच्या पट्ट्यात शून्य बसते. पण न्यूरेनो घसरला की रांग जवळपास रिकामी होते आणि पुन्हा भरते, तर ०.७ गुणकाने विंडोंची बेरीज लिंक-आरटीटी गुणाकाराच्या १.४ पटीवर थांबते आणि रांगेत किमान ४० मिलिसेकंदांचा साठा कायम राहतो. सरासरी विलंब वाढतो आणि बदल्यात काही मिळत नाही. परीक्षकाने तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ याच आलेखावर घालवला, आणि रांगेची लांबी किती असली की ही पद्धत वापरू नये हा प्रश्न तिने पुढच्या कामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर टाकला.